उलटा पाळणा

भाऊजी, स्वातीवहिनींना मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मुलगी सावळी आहे, डोक्यावर भरपूर जावळ आहे, आणि रडायला लागली की दवाखान्याच्या जिन्यापर्यंत ऐकू येतं, असं रवीभाऊ फोनवर सांगत होते.

हा फोन तुमची तेरवी आटोपल्यावर आला. मी अंगणात मंडपवाल्याच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवत होतो. फोन खिशात टाकला आणि पहिला विचार हाच आला की आत जाऊन तुम्हाला सांगावं. दारापर्यंत गेलोही. चप्पल काढताना आठवलं.

शेवटच्या दिवसांत तुम्ही मला फिरून फिरून दोनच गोष्टी विचारत होतात. सिंदी मेघे गावातल्या त्या सुनेचं, म्हणजे स्वातीवहिनींचं, सगळं नीट झालं का, आणि त्या घरची आजी अजूनही आपल्यावर रागावून आहे का. पहिल्याचं उत्तर वर दिलं. दुसऱ्याचं उत्तर मलाही आत्ताच कुठे मिळालं आहे. ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. तुम्हाला घाई आवडायची, पण आता ऐकून घ्या.

तुम्ही माझ्या मोठ्या बहिणीचे नवरे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. आंजीहून रोज वर्ध्याला जाणं-येणं मला जमेना, तेव्हा एक दिवस तुम्ही मोटारसायकल घेऊन आलात, माझी पेटी मागे बांधलीत आणि बाबांना म्हणालात, "पोट्टं आता माह्याकडं राहीन. तुम्ही फिकर नका करू." बाबांनी पेटीची दोरी पुन्हा एकदा ओढून पाहिली.

दोन खोल्यांचं तुमचं घर. तुमची दोन लेकरं, आणि त्यात मी. अभ्यासाला मला स्वयंपाकघराचा कोपरा मिळाला. तुम्ही ताईला बजावलंत, "हा वाचत असला की फोडणी देऊ नको, ठसका लागते त्याले." ताई म्हणाली, "मंग जेवाचं काय? पुस्तक?" तरीही परीक्षेच्या दिवसांत आपण सगळे वरणभात खात होतो, हे मी विसरलेलो नाही. पेपरच्या आदल्या दिवशी मी तुमच्या सीलिंगच्या साइटवर मदतीला यायचं म्हटलं की तुम्ही शिडी धरून उभे राहायचात आणि चढूच द्यायचा नाहीत.

पदवी मिळाल्यावर मी तुमच्याच कामात राहायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही रुसलात. "आमच्या साऱ्या सोयऱ्यायमंदी पह्यला ग्रॅज्युएट, अन् तो माह्यासंग सीलिंग ठोकीन?" मी म्हणालो, मला हे काम आवडतं. ते खरंच होतं. कोपऱ्यात बसून मी हिशेबाची पुस्तकं वाचली, पण तुम्ही जेवताना ताटातल्या पोळीला वाक देऊन ताईला कमान समजावून सांगायचात, ते मला जास्त लक्षात राहिलं. शेवटी तुम्ही मानलंत. मात्र त्या दिवसापासून माझं नाव गेलं ते गेलंच. "ए बीकॉम, पेचकस दे." "बीकॉम, तुह्या बापाचं घर आहे का, लाइट बंद कर." गिऱ्हाइकांनाही वाटायचं की माझं नाव खरोखर बिकम वगैरे काही असावं.

सपाट सीलिंग करणारे वर्ध्यात पुष्कळ आहेत. गोल कमानीचं छत करणारे कमी, आणि ते करताना गाणं म्हणणारे तुम्ही एकटेच. ज्यांना आपलं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फरशीवर खिळा ठोकून सुतळीने कमान आखायची. पत्र्याचा चॅनल जागोजागी कापून त्या आखणीवर वाकवायचा. अशा कमानी आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडायच्या. मग तो सांगाडा उचलून, पालथा करून, वर स्लॅबला टांगायचा आणि त्याला खालून जिप्समचे बोर्ड वाकवून बसवायचे.

बोर्ड वाकतो हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी नागपूरच्या एका साइटवर उन्हाळ्यात तुम्ही पातळ बोर्ड कूलरसमोर टेकवून ठेवलात आणि जेवायला गेलात. परत येऊन बघता तर बोर्ड कंबर वाकवून उभा. मालक ओरडला, तुम्ही मात्र तो बोर्ड हातात घेऊन वाकवतच बसलात. पुढे आपण पाठीवरून ओला स्पंज फिरवून बोर्ड मऊ करायला लागलो, तरी तुम्ही त्याला "कूलर दाखवणं" असंच म्हणत राहिलात. "याले अजून कूलर दाखव, अकडून राह्यला." नवा माणूस हे ऐकून कूलर शोधत फिरायचा.

नावं ठेवायची तुम्हाला फार हौस. फरशीवर उताणा पडलेला तो कमानींचा सांगाडा पाळण्यासारखा दिसतो. वर टांगला की पालथा. म्हणून तुमच्या भाषेत त्या छताचं नाव उलटा पाळणा. सगळी टोळी तेच म्हणायची. मीही म्हणायचो. त्या शब्दात काही आहे असं आपल्यापैकी कोणालाच कधी वाटलं नाही, कारण आपल्याला तो शब्द ऐकू येणंच बंद झालं होतं.

सिंदी मेघेला रवीभाऊंच्या नव्या बंगल्यात त्यांच्या आई, म्हणजे त्याच आजी, हिंगणीहून काम पाहायला आल्या होत्या. आतल्या खोलीत खुर्ची टाकून चहा पीत बसल्या होत्या, हे आपल्याला माहीत होतं. हॉलमध्ये तुम्ही घोडीवर, म्हणजे आपल्या उंच लाकडी स्टुलावर, उभे होतात. शेवटचा पेच आवळलात आणि नेहमीसारखं जोरात म्हणालात, "झाला उलटा पाळणा पक्का! आता बंद करून टाका रे!"

आजी कप हातात घेऊनच बाहेर आल्या.

"कोण बोललं ते?"

"मी, आजी. काऊन?"

"काय म्हटलं तू?"

"उलटा पाळणा म्हटलं. ह्या छताले आमी तसंच म्हणतो."

"माह्या सुनेच्या डोक्यावर उलटा पाळणा? अन् तो बंदही करून राह्यला तू?"

तिथे तुम्ही गप्प बसायला हवं होतं. पण समोरचा माणूस चिडला की त्याला हसवायचं, ही तुमची सवय. तुम्ही म्हणालात, "आजी, छताले तो उलटाच लागते. सरळ लावला तं साऱ्या घरची धूळ त्यात झोपीन." महादेव हसला. आपल्या टोळीतला सर्वांत जुना माणूस तो, आणि सर्वांत अवेळी हसणाराही.

आजींचा आवाज एकदम खाली आला. "घरात लेकरू येऊन राह्यलं. पह्यले दोनदा घात झाला तिचा. अन् हा मले सांगते, धूळ झोपीन."

तुम्हाला घोडीवरून इतक्या सावकाश उतरताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"आजी, मले माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तं तोंड बंद ठेवाचं होतं. पाड ते."

रवीभाऊ बँकेतून धावत आले. आईकडे पाहत होते, छताकडे पाहत होते, कोणाची बाजू घ्यावी ते त्यांना कळेना. शेवटी त्यांच्याबरोबर आलेल्या स्वातीवहिनी स्वतःच म्हणाल्या, "आई, राहू द्या ते छत. मले आवडलं." आजींनी कप ओट्यावर ठेवला. "तुमचं घर, तुमची मर्जी. मी काई त्याच्याखाली बसणार नाई." आणि खरंच नाही बसल्या. घर लागलं, वास्तुपूजा झाली, आजी कायमच्या तिथे राहायला आल्या, पण बसायच्या त्या व्हरांड्यात किंवा आतल्या खोलीत. हॉलमधून जायचं झालं तर भिंतीच्या कडेकडेने जायच्या.

छत तुम्ही पूर्ण केलंत. आडवा दिवा लावून एकेक उंचवटा शोधलात, घासलात, पुन्हा घासलात. एरवी कामाच्या वेळी गाणं म्हणणारा माणूस ते सगळे दिवस मुका होता. शिवाय तुम्ही टोळीला बजावलंत की तो शब्द कोणी तोंडातून काढायचा नाही. मग काय म्हणायचं, ते मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. पुलगावच्या साइटवर महादेव चॅनल हातात घेऊन विचारत होता, "भाऊ, हे कुठं लावू?" "कायले लावतं?" "त्यालेच." "त्यालेच म्हणजे कायले?" "जे बोलाचं नाई त्याले." तुम्ही सोडून आम्ही सगळे हसलो होतो.

घरी येताना आपलं भांडण झालं. पहिल्यांदा नाही आणि शेवटचंही नाही. मी म्हणालो, "भाऊजी, शब्दानं कोणाच्या पोटातल्या लेकराला काही होत नसतं."

"मले समजते ते."

"मग?"

"मले समजते. पण तिले समजते का? त्या सुनेले समजते का? भेव तं मीच घातलं ना त्यायच्या कानात."

मी म्हणालो, भीती त्यांच्या मनात आधीच होती, तुम्ही घातली नाही. तेव्हा तुम्ही गाडी चालवता चालवता मागे वळून म्हणालात, "शब्दानं काईच होत नाई, तं मंग तीन वर्षं कॉलेजात काय करत होता बे तू?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तोच वाद काढला, आणि नंतरही काढत राहिलो. तुम्हाला समजावायचं होतं मला. तुम्ही उगाच स्वतःला लावून घेताय, हे तुम्ही मान्य करावं असं वाटत होतं. आजही मला वाटतं की माझं म्हणणं बरोबर होतं. पण तुमचंही चूक नव्हतं. मी शब्दाबद्दल बोलत होतो आणि तुम्ही त्या दोन बायांबद्दल. इतकं साधं वाक्य मी तुम्हाला म्हणू शकलो असतो, आणि म्हटलं नाही.

मग तुम्ही त्या घरी जायला निमित्तं शोधायला लागलात. "जोड कसे आहेत, पाहून येतो." नव्या छताचे जोड पाहायला कोण इतक्यांदा जातं, भाऊजी? फाटकाशी उभं राहून तुम्ही व्हरांड्याकडे पाहायचात. तुम्ही दिसलात की आजी उठून आत जायच्या. स्वातीवहिनी बाहेर येऊन सांगायच्या, "काका, सगळं ठीक आहे. मीही ठीक आहे." तुम्ही मान हलवायचात, आणि गाडीवर बसल्यावर मला म्हणायचात, "चेहरा बरा दिसला पोरीचा. नाई?"

दम तुम्हाला आधीपासून होता. आपण सगळेच त्या धुळीने खोकत होतो, तुमचा खोकला फक्त थांबला नाही. घासताना तोंडाला फडकं बांधा म्हणून मी मागे लागायचो, तर म्हणायचात, "फडकं बांधून गाणं कसं म्हणू?" पुढे घोडी सुटली, मग गाडी सुटली, मग अंगणातली खाटही सुटली. दवाखान्यात नाकाला नळी लावलेली असताना तुम्ही मला हाताने जवळ बोलवायचात. मला वाटायचं, पाणी हवं असेल. तुम्ही विचारायचात, "सिंदी मेघेहून फोन आला का?"

"अजून नाही. दिवस बाकी आहेत."

"अन् आजी?"

"आजींचं काय?"

"राग?"

मी म्हणायचो, गेला असेल. तुम्ही माझ्याकडे असं पाहायचात, जसं मी आखलेल्या कमानीकडे पाहायचात. पुन्हा मोजायला हवं हे मला कळायचं.

एक गोष्ट मी ताईलाही सांगितलेली नाही. तुमचा श्वास थांबला तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी हायसं वाटलं. तुमची छाती इतके दिवस जे ओझं ओढत होती ते कोणीतरी हातातून काढून घेतलं, असं वाटलं. त्याची मला लाज वाटत होती. आता वाटत नाही. तुम्हीच उंचावरून बोर्ड धरून थकलेल्या माणसाला म्हणायचात ना, "सोड आता, मी धरला आहे." तसं कोणीतरी तुम्हाला म्हटलं असावं, असं मी धरून चाललो आहे.

रवीभाऊंचा फोन आला तेव्हा त्यांना तुमचं काही माहीत नव्हतं. ते दवाखान्याच्या धावपळीत होते, मी तुमच्या. मी सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला, "आईनं बोलावलं आहे तुम्हाला."

मी गेलो. आजी व्हरांड्यात बसून बाळाची दुपटी घडी करत होत्या.

"तू त्याचा कोण?"

"साळा."

"गेला म्हणते तो."

"हो आजी."

"मले कोणी सांगतलं नाई."

"तुम्ही रागावल्या होत्या, म्हणून..."

"रागावली तं काय झालं? रागावल्या माणसाले मौतीचं सांगाचं नसते का?"

मी खाली पाहिलं. त्या घडी मोडून पुन्हा घालायला लागल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राग कायचा? मी भेली होती. भेलं माणूस जो समोर दिसते त्याच्यावर ओरडते. तो फाटकापाशी येऊन उभा राहे. मले समजे काऊन येते ते. मी आतमंदी निघून जाव. म्हटलं, लेकरू सुखरूप घरी येऊ दे, मंग बोलीन याच्याशी. चांगली सुनवीन, अन् मंग चहा पाजीन. तं थांबला नाई मेला."

शब्द तोंडातून गेला आणि आजींनी जीभ चावली. दुपट्यासकट हात तोंडावर नेला.

"पाह्य," त्या हळूच म्हणाल्या, "असंच निघून जाते तोंडातून."

मला हसू आलं, भाऊजी. माफ करा. आजींनाही आलं. पदराने डोळे पुसत त्या हसत होत्या आणि मला दटावत होत्या, "हासतं काय रे, हासतं काय?" हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या अंदाजाने नाही, त्यांच्या तोंडून.

निघताना त्या म्हणाल्या, "बारशाले येजो. तुह्या बहिणीले घेऊन येजो."

मी अडखळलो. "आजी, ताईचं आत्ताच... लोक काही म्हणतील."

"मले नको सांगू लोकायचं. मी काय कुंकू लावून बसली हाव का? बारसं मीच करून राह्यली ना लेकराचं?"

ताई आधी नाहीच म्हणाली. भांडी घासत राहिली. मग तिने विचारलं, "आजी सोता बोलली का रवीभाऊ?" आजी स्वतः, म्हटल्यावर तिने हात धुतले.

काल गेलो. हॉल बायकांनी भरला होता. आजी मधोमध सतरंजीवर बसल्या होत्या, बरोबर तुमच्या कमानीखाली, आणि येणाऱ्या प्रत्येकीला जागा दाखवत होत्या. ताई दारात थबकली, तशी त्यांनी तिथूनच हाक मारली, "ये वं माय, इकडं ये. अशी दारात काऊन उभी?" शेजारच्या दोघीतिघी आमच्याकडे पाहायला लागल्या. आजींनी बाळ उचललं आणि ताईच्या मांडीवर दिलं. "धर. मान सांभाळजो." बाळाने ताईच्या हाताचं बोट धरलं आणि एक मोठी जांभई दिली. बाळ मागायला कोणी आलं तरी तिने ते लवकर दिलं नाही, आणि आजींनी तिच्याकडे ते मागितलंही नाही.

परत येताना ताई मागे बसली होती. मग म्हणाली, "प्रकाश, हे आज असते तं काय म्हणत?"

मी म्हणालो, "विचारलं असतं, जेवणात काय होतं?"

"नाई," ताई म्हणाली. "म्हणत, 'साऱ्या जणी लेकराकडंच पाहून राह्यल्या, माह्या छताकडं कोणी मान वर करून पाह्यलं का?'"

खरंच कोणी पाहिलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. ताईने तुमचा आवाज काढला होता, तोच तक्रारीचा सूर, आणि मग तिला हसू आवरेना. ती इतकी हसली, भाऊजी, की मला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. नंतर ती रडली. पण आधी हसली.